प्रस्तावना : उंबऱ्याआडची आबाळ

वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती कायद्याच्या नजरेत आपल्या शरीराची, पैशाची आणि निर्णयांची धनी असते. परंतु वार्धक्य, दीर्घ आजार, शारीरिक वा बौद्धिक अपंगत्व किंवा मनोविकार यांमुळे जिला जेवणखाण, औषधपाणी, अंघोळ, दवाखान्याची वाट किंवा बँकेचा व्यवहार यांपैकी एखाद्या गोष्टीसाठी दुसऱ्याच्या हातावर विसंबावे लागते, तिचे हे धनीपण हळूहळू नावापुरते उरते. ताटात काय वाढायचे, दार केव्हा उघडायचे, पासबुक कोणी ठेवायचे हे ठरविण्याची सत्ता सांभाळ करणाऱ्याकडे जाते. अशा व्यक्तीला प्रस्तुत ग्रंथात ‘परावलंबी प्रौढ’ म्हटले आहे. सांभाळ करणारे बहुसंख्य लोक ही सत्ता मायेने आणि जबाबदारीने वापरतात, हे आरंभीच नोंदविले पाहिजे. जिथे ती तशी वापरली जात नाही, तिथे जे घडते ते ‘त्यांच्या घरची बाब’ ठरते, आणि एकदा तसे ठरले की शेजारी, सोयरे, डॉक्टर, तलाठी, पोलीस पाटील असे सगळेच उंबऱ्याबाहेर थांबतात. हा ग्रंथ त्या थांबलेल्या माणसांसाठी आहे, कारण छळ सोसणारी व्यक्ती क्वचितच तक्रार घेऊन बाहेर येते आणि तो ओळखण्याची पहिली संधी बहुधा बाहेरच्याच कोणाला मिळते.

छळाची जी व्याख्या जगभर प्रमाण मानली जाते ती २००२ साली टोरांटो येथील जाहीरनाम्याने रूढ केली. ज्या नात्यात विश्वासाची अपेक्षा असते त्या नात्यात एकदा किंवा वारंवार घडलेली आणि वृद्ध व्यक्तीला इजा वा क्लेश देणारी कृती, किंवा योग्य ती कृती न करणे, म्हणजे वृद्धांचा छळ, असा तिचा आशय आहे. दिव्यांग आणि मनोरुग्ण प्रौढांनाही ती तितकीच लागू पडते. या व्याख्येतील दोन गोष्टींकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. पहिली विश्वासाची : बाजारात पाकीट मारणारा चोर आणि आजीच्या खात्यातून तिच्या नकळत पैसे काढणारा नातू यांचा गुन्हा रकमेने सारखा असला तरी दुसऱ्यात आजीचा आधारच तिच्यावर उलटलेला असतो, आणि म्हणून ती त्याच्याविरुद्ध बोलू शकत नाही. दुसरी गोष्ट न केलेल्या कृतीची : कोणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही, तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस चार-चार दिवस कोणी बदलली नाही, तर परिणाम छळाचाच होतो. हेतू काय होता हा प्रश्न न्यायालयात महत्त्वाचा ठरतो. ओळखण्याच्या टप्प्यावर पाहायचे असते ते त्या व्यक्तीचे काय झाले हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढील दर सहा व्यक्तींपैकी सुमारे एकीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत मात्र भारतातील सुमारे पाच टक्के वृद्धांनीच वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचे सांगितले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे एकमेकांसमोर ठेवून निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तरीही ज्या घरात पाहणी करणाऱ्यासमोर चहाचा कप सूनच आणून ठेवते आणि मुलगा शेजारीच बसून असतो, तिथे ‘तुम्हाला कोणी त्रास देते का’ या प्रश्नाला काय उत्तर मिळत असेल, याचा अंदाज कोणत्याही मराठी वाचकाला करता येईल.

रत्नागिरी जिल्हा या अभ्यासासाठी निवडण्यामागे सबळ कारण आहे. २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १६,१५,०६९ पर्यंत खाली आली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १,१२२ इतकी भरली. देशात बहुतेक ठिकाणी स्त्रियांचे प्रमाण कमी असताना इथे ते जास्त आहे, याचे कारण मुलींचे भाग्य नव्हे; कामाच्या वयाचे पुरुष मुंबई, ठाणे, पुणे आणि आखाताकडे गेले आहेत. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊ तालुक्यांत वाडीवाडीतून कुलूप लावलेली घरे दिसतात, आणि जी उघडी आहेत त्यांतील अनेकांत एखादी म्हातारी, दोघे थकलेले नवराबायको, किंवा शहरात ‘ठेवता येत नाही’ म्हणून गावी ठेवलेला मतिमंद वा मनोरुग्ण भाऊ राहतो. पूर्वी मनीऑर्डर येत असे, आता मोबाइलवरून पैसे येतात. ते वेळेवर आले की कर्तव्य झाले असे चाकरमान्याला प्रामाणिकपणे वाटते, आणि प्रत्यक्ष सांभाळ पुतण्याकडे, शेजारणीकडे किंवा गावी राहिलेल्या एकट्या सुनेकडे सोपविला जातो. गणपतीला आणि शिमग्याला घर भरते तेव्हा आईच्या अंगावर नवे लुगडे असते, ओटी सारवलेली असते आणि जेवणाची पंगतही असते. ‘बारीक झालीस’ असे मुलाने म्हटले तर ‘आता वयच झालं’ एवढेच ती सांगते, कारण पाच दिवसांनी तो परत जाणार असतो आणि उरलेले दिवस तिला त्याच माणसांच्या हातचे खायचे असते.

हा प्रश्न कोकणाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या उच्चवर्णीय कुटुंबांतील विधवा ही परावलंबी प्रौढच होती : अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत तिला पोटगीपलीकडे हिस्सा नव्हता, केशवपनाने तिचे रूप हिरावले जाई, जेवण एकवेळचे आणि कष्ट मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत, तेही दिराच्या किंवा पुतण्याच्या घरात. याला कोणी छळ म्हणत नसे. तो आचार होता. खेड तालुक्यातील शेरवलीत १८५८ साली जन्मलेल्या आणि दापोलीजवळच्या मुरूडमध्ये वाढलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये देवरूखच्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्याच देवरूखात १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी मातृमंदिर उभे केले. या माणसांचे संस्थात्मक कार्य सर्वपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे मोठेपण याहून आधीच्या एका गोष्टीत आहे : गावाला जी रीत दिसत होती, तिच्यात त्यांना एका माणसाचे हाल दिसले. आजच्या रीती वेगळ्या आहेत, पण पाहण्याची अडचण तीच आहे.

छळाचे शारीरिक, मानसिक, लैंगिक, आर्थिक असे प्रकार करून हेळसांड आणि संस्थांतर्गत छळ हे आणखी दोन वेगळे मांडण्याची पद्धत आहे, आणि ग्रंथाची प्रकरणेही साधारण त्याच क्रमाने आहेत. प्रत्यक्षात एक प्रकार एकटा सहसा आढळत नाही. ज्याचे पासबुक काढून घेतले जाते त्याच्या औषधालाही पैसे नसतात, आणि तो विचारायला गेला की अपमान होतो.

शारीरिक छळाच्या खुणा सर्वांत ठळक, आणि म्हणूनच सर्वांत फसव्या. वृद्धांची त्वचा पातळ असते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही काळेनिळे डाग उठतात, आणि डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे एका डागावरून आरोप करणे अन्यायाचे ठरते. पडल्यामुळे मार लागतो तो बहुधा गुडघा, कोपर, कपाळ, मनगट अशा पुढे येणाऱ्या भागांना. दंडाच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे बोटांच्या आकाराचे वळ, कानामागे, मानेवर किंवा मांडीच्या आत मार, मनगटाभोवती दोरीची खूण, हे पडण्याने सहसा होत नाही. याहून बोलकी असते ती हकिगत : जखमेचे कारण दर वेळी बदलते, दवाखान्यात उशिरा आणले जाते, दर वेळी दवाखाना वेगळा असतो, आणि प्रश्न रुग्णाला विचारला तरी उत्तर सोबतचा माणूस देतो. दिवसभर शांत राहावे म्हणून झोपेच्या गोळ्या जास्त देणे हाही शारीरिक छळच आहे, मग देणाऱ्याला ती सोय वाटत असली तरी.

हेळसांडीकडे मात्र थांबून पाहावे लागते, कारण या जिल्ह्यात परावलंबी माणसाचे सर्वाधिक हाल तिच्यामुळे होतात असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे आणि तिची साक्ष घरातच पसरलेली असते. कोकणात मे महिन्यात घराची शाकारणी होते, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून, पावसाआधी पुन्हा चढविली जातात. पुढच्या ओटीवरची कौले बदललेली, आणि म्हातारी निजते त्या मागल्या पडवीत मात्र जून लागताच भांडी मांडून ठेवावी लागतात, असे दृश्य दिसले तर घरात तिचा नंबर कितवा आहे हे वेगळे विचारायला नको. पाण्याचा तांब्या हाताच्या टप्प्यात आहे की नाही, चष्म्याची काडी किती महिन्यांपासून तुटलेली आहे, दातांची कवळी कुठे आहे, श्रवणयंत्राचा सेल संपून किती दिवस झाले, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेली तारीख आणि उरलेल्या गोळ्यांचा हिशेब जुळतो का, वाढलेली नखे, जटा झालेले केस, लघवीचा मुरलेला वास, ओठांची साले, हे सगळे आशा सेविकेला दोन मिनिटांत दिसू शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत माकडहाड, टाचा, नितंबाच्या बाजू आणि खांद्याची पाती पाहावी. तिथली त्वचा लाल होऊन दाबल्यावरही पांढरी पडत नसेल तर शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाब राहून त्वचा व मांस कुजत जाण्याची, ती सुरुवात असते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे, चादर कोरडी ठेवणे आणि पुरेसे प्रथिन मिळणे यांनी बहुसंख्य व्रण टळतात. काही मात्र उत्तम शुश्रूषेतही होतात, विशेषतः आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत. म्हणून व्रण किती खोल आहे याइतकेच तो कोणाला, केव्हा दाखविला, हे विचारणे महत्त्वाचे असते.

याच प्रकाराला लागून स्वतःची आबाळ हा वेगळा प्रकार येतो. पाखाडीच्या पन्नास पायऱ्या उतरवत नाहीत म्हणून रेशन आणायला न जाणारा, आणि ‘कोणाचे उपकार नकोत’ म्हणून केवळ पेजेवर राहणारा एकटा म्हातारा कोणाच्या छळाचा बळी नसतो, पण धोका त्यालाही तितकाच असतो. यात खंत वाटावी अशी बाब ही की बाहेरून हा माणूस मानी आणि स्वावलंबी दिसतो, आणि गाव त्याचे कौतुक करीत राहते.

आर्थिक पिळवणुकीचा विचार जमिनीवाचून होऊ शकत नाही. कोकणातील सात-बारा बहुधा सामाईक असतो. एका गटात डझनावारी सहहिस्सेदार, त्यांतील निम्मे मुंबईत, काही मयत आणि वारसनोंद न झालेले. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या भात, नाचणी आणि कलमांपुरती होती तोवर भाऊबंदकी बांधावरच्या भांडणापुरती राहिली. कोकण रेल्वे, महामार्गाचे चौपदरीकरण, मोठ्या प्रकल्पांच्या घोषणा आणि किनाऱ्यावरील पर्यटन यांनी जमिनीला भाव आणला, तेव्हा ज्या विधवा काकूच्या किंवा अविवाहित, थोड्या ‘अधू’ समजल्या गेलेल्या काकांच्या नावाकडे कोणी पाहत नव्हते, त्यांच्या सहीला एकाएकी मोल आले. हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतील आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त. बक्षीसपत्र, म्हणजे मोबदल्याशिवाय मिळकत देणे. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणे : हे तिन्ही दस्त कायदेशीर आणि उपयुक्त आहेत, आणि पिळवणूकही याच वाटांनी होते. दस्त घाईने होतो, लेखनिक आणि वकील लाभ घेणाऱ्याने ठरविलेला असतो, आयुष्यभर सही करणाऱ्या माणसाचा अचानक अंगठा लागतो, दस्तात काय लिहिले आहे हे विचारले तर ‘पेन्शनचा कागद होता’ असे उत्तर येते, आणि नंतर फेरफाराची नोटीस घरी येते ती ज्याच्या नावे जमीन जायची त्याच्याच हाती पडते. अंगठ्याचे कारण अर्धांगवायूही असू शकतो, हे ध्यानात ठेवावे; पण या खुणांपैकी तीन-चार एकत्र दिसल्या तर तलाठ्याने आणि दुय्यम निबंधकाने त्या व्यक्तीशी एकट्याने बोलावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

लहान रकमांची पिळवणूक याहून अधिक पसरलेली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि पासष्टीनंतरची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांखाली २०२३ मध्ये अनुदान दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. ज्याच्या नावे ते जमा होते त्याच्या हाती त्यातले किती येतात, हे पासबुक, एटीएम कार्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणाकडे आहे यावरून कळते. कागदावर खाते आजीचे, कार्ड पुतण्याचे, आणि आजीला तंबाखूच्या मिसरीसाठी दहा रुपये मागावे लागतात. ही स्थिती इतकी सर्रास आहे की ती सांगताना कोणाला तक्रार केल्यासारखेही वाटत नाही.

मानसिक छळाला पुरावा कमी मिळतो. टोचून बोलणे, ‘आश्रमात टाकू’ अशी धमकी, नातवंडांना जवळ जाऊ न देणे, लग्नकार्यात मागच्या खोलीत बसविणे, फोन काढून घेणे हे सारे त्यात येते, आणि मालक घरात आला की ज्याची नजर खाली जाते, आवाज बसतो, अशा माणसाकडे पाहूनच ते ओळखावे लागते. कोकणात या छळाला एक सामूहिक रूपही आहे. गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकले की विहीर, दुकान, पालखी, मयताचा खांदा असे सगळे व्यवहार तुटतात, आणि धडधाकट माणसे मुंबईला निघून गेली तरी मागे राहिलेल्या वृद्धाला कुठेच जाता येत नाही. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. असा स्वतंत्र कायदा करावा लागला यातच या प्रथेची मुळे किती खोल आहेत हे दिसते.

लैंगिक छळाविषयी मराठी लेखनात मौन अधिक आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीला काय घडले ते शब्दांत सांगता येत नाही. अंघोळीला अचानक विरोध, ठरावीक माणूस दिसताच लपणे, अंतर्वस्त्रांवरील डाग, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यांतून ते कळते. भारतीय न्याय संहितेत शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्या स्त्रीवरील बलात्काराला अधिक कठोर शिक्षा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिची तक्रार तिच्या घरी किंवा सोयीच्या ठिकाणी, गरजेनुसार दुभाष्याच्या वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदविण्याची तरतूद आहे. ती तरतूद ठाऊक नसलेल्या ठाण्यात तिच्या शब्दांना ‘वेडीचे बोलणे’ म्हणून वाटेला लावले जाण्याचा धोका राहतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हा स्वच्छतेची सोय आणि संभाव्य गर्भधारणेपासून बचाव अशी कारणे पुढे आली होती. गर्भाशय काढल्याने गर्भधारणा टळते, अत्याचार टळत नाही, उलट तो उघडकीस येण्याची एक वाट बंद होते. महाराष्ट्रातील स्त्रीसंघटनांनी त्या वेळी घेतलेला हा आक्षेप आजही तितकाच खरा आहे.

मनोरुग्णांच्या वाट्याला छळ उपचाराच्या नावाने येतो. भूतबाधा समजून साखळदंडाने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविली. त्या वर्षी २० ऑगस्टला, या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला. तमिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण दगावले, तेही दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या खासगी निवासात, नातेवाइकांनी विश्वासाने आणून ठेवलेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तरीही परसातल्या खोलीत, पायाला दोरी बांधून ठेवलेला मुलगा ही गोष्ट गावाला माहीत असते, आणि ‘नाहीतर तो विहिरीत उडी घेईल’ हे आईचे स्पष्टीकरण खोटेही नसते. तिथे दोरी सोडण्याआधी औषध पोहोचले पाहिजे.

औषध पोहोचविणारी जागा या जिल्ह्यात सव्वाशेहून अधिक वर्षे आहे. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ चे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातील चार जुन्या शासकीय मनोरुग्णालयांत खाटांच्या संख्येने ते सर्वांत लहान. अशा रुग्णालयांपुढील सर्वांत अवघड प्रश्न बऱ्या झालेल्या माणसांचा आहे. दाखल करताना दिलेला पत्ता चुकीचा निघतो, भाऊ म्हणतो घर लहान आहे, सात-बारावरून नाव केव्हाच कमी झालेले असते, आणि बरी झालेली व्यक्ती वर्षानुवर्षे वॉर्डातच राहते. हाही कुटुंबाने केलेला परित्यागच, केवळ त्याला रुग्णालयाचा पत्ता मिळालेला आहे. महाराष्ट्राने अशा बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविण्याचा मार्ग पत्करला, तेव्हा जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो थांबविण्यास सांगितले. समाजात राहण्याचा हक्क मान्य करणाऱ्या कायद्याखाली एका बंद दारातून दुसऱ्या बंद दारात नेणे बसत नव्हते.

इथे सांभाळ करणाऱ्यांविषयी बोलणे भाग आहे, कारण हेळसांड दिसली की बोट बहुधा सुनेकडे जाते. नवरा मुंबईत, दोन लहान मुले, गोठ्यात गाय, काजूचा हंगाम, आणि रात्री चार वेळा उठणाऱ्या, ओळख विसरलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा : या परिस्थितीत एके रात्री तिचा हात उठला तर ते समर्थनीय नाही, पण तिला केवळ आरोपी ठरवून सासऱ्यांचे हाल थांबणारही नाहीत. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यात ‘अपत्य’ या संज्ञेत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात, सून येत नाही. म्हणजे कायद्याने ज्या मुलावर आणि मुलीवर जबाबदारी टाकली आहे तेच घरी नसतात. उलट बाजूही आहे. सासू-सासऱ्यांच्या नावाने अर्ज करून सुनेला घराबाहेर काढण्यासाठी हा कायदा वापरला जातो, आणि म्हणूनच डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला दिलेला सामाईक घरातील निवासाचा हक्क या कायद्याच्या आडून डावलता येत नाही, असा निर्णय दिला. छळ ओळखू पाहणाऱ्याने घरातील दुसरे दुबळे माणूस कोण, हेही पाहावे.

या २००७ च्या कायद्याची ओळख ग्रंथात सविस्तर आहे. इथे त्यातील दोन-तीन बाबी पुरेत. महाराष्ट्रात तो मार्च २००९ पासून लागू आहे. साठ वर्षांवरील व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरी कोणी, प्रांताधिकाऱ्यांच्या म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. कायद्याने तिथे वकिलाची अपेक्षा ठेवलेली नाही, निर्वाहाचा अर्ज साधारण ९० दिवसांत निकाली निघावा असे म्हटले आहे, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देवविता येतो. मूल नसलेल्या वृद्धाच्या बाबतीत ज्याच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे त्या नातेवाइकावर जबाबदारी येते. सामाईक सात-बाराच्या कोकणात हे कलम फार मोलाचे असून फार थोड्यांना ठाऊक आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले, तर जानेवारी २०२५ मध्ये, हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरविले. व्यवहारातला सल्ला यातून सरळ निघतो : मिळकत देताना सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहावी.

साठीच्या आतल्यांसाठी वाटा वेगळ्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दिव्यांगाचा छळ होत असल्याची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून तिचे अन्नपाणी तोडले तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी घरात मनोरुग्णाचे हाल किंवा हेळसांड होत असल्यास पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याकडे तसा अहवाल द्यायचा असतो. घरातील कोणतीही स्त्री, मग ती आई असो वा परतून आलेली बहीण, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

कायद्यांची ही यादी वाचून जे सोपे वाटते ते प्रत्यक्षात एका ठिकाणी अडते, आणि तिथे ग्रंथाने घेतलेली भूमिका स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रौढ व्यक्ती म्हणजे मूल नव्हे. तिला परिस्थिती समजत असेल, परिणामांचा विचार करता येत असेल, आणि तरीही तिने ‘तक्रार नको, तो माझा मुलगा आहे’ असे म्हटले, तर तिच्या डोक्यावरून अर्ज करणे हा तिच्या इच्छेवर झालेला आणखी एक आघात ठरू शकतो. तिची समज विकाराने हरपली असेल, जिवाला तातडीचा धोका असेल, किंवा नकार भीतीपोटी दुसऱ्याने वदवून घेतलेला असेल, तर थांबून चालत नाही. या दोहोंतला फरक एका भेटीत कळत नाही. म्हणून आशा सेविका, परिचारिका किंवा पोलीस पाटील यांनी रक्तदाब तपासणे, हयातीच्या दाखल्याची चौकशी, रेशनकार्डाचे काम अशा कोणत्याही निमित्ताने त्या व्यक्तीशी एकट्याने बोलण्याची संधी काढावी. ‘छळ होतो का’ असे न विचारता ‘काल रात्री काय जेवलात’, ‘दवाखान्यात कोण नेतं’, ‘पैसे कोण काढून आणतं’ असे विचारावे. उत्तर तिच्याच शब्दांत, तारीख घालून टिपून ठेवावे. आणि नकार आला तरी क्रमांक देऊन यावे व पुन्हा जावे. पावसाळ्यात वाडीची वाट बंद होण्याआधी एक फेरी आणि गणपतीनंतर चाकरमानी परतल्यावर दुसरी, एवढा क्रम तरी प्रत्येक उपकेंद्राने ठेवावा, अशी सूचना शेवटच्या प्रकरणात केली आहे. कोणत्या घरी जायचे त्याची यादी करताना एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांबरोबरच भरल्या घरातील अंथरुणाला खिळलेली माणसेही तीत घ्यावीत, कारण पोलीस ठाण्याच्या नोंदीत प्रामुख्याने पहिलीच असतात.